रडण्याची जागा

लेकीच्या गावातलं हे लाकडी चर्च अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाचं. त्या काळी घोड्यावरून गावोगाव फिरणारे उपदेशक नरकाचं असं वर्णन करत, की माणसं बाकांवरच हंबरडा फोडत.

"इथे एकदा उपदेशकालाच थांबावं लागलं," चर्च उघडून दाखवणारी म्हातारी बाई म्हणाली. "रडण्यापुढे त्याचा आवाज पोचेना."

मी बाकाच्या कडेवरून हात फिरवला. कुणाकुणाच्या मुठींनी ती गुळगुळीत झाली होती. एवढं रडून काय झालं? ती माणसं घरी गेली आणि पुन्हा गुलाम राबवायला लागली. तरी मला त्यांचा हेवाच वाटला. हे गेले त्याला वर्ष होत आलं, माझ्या डोळ्यांतून टिपूस नाही.

बाईला काय दिसलं कोण जाणे. "बसा हवं तर," ती म्हणाली. "मी बाहेर थांबते."

बसले. तो नरक डोळ्यांपुढे आणू पाहिला, तर यांचा खुंटीवरचा सदरा आला. त्याच्याकडेही मी कोरडीच पाहत राहिले.

बाहेर आले आणि म्हटलं, "लावा कुलूप."