बाही वर कर

"बाही वर कर. आणखी वर. पाहुण्यांना दिसू दे."

महिला मंडळाच्या मॅडम माईकवर बोलत होत्या. अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. मी बाही वर केली. माझ्या उजव्या दंडावर इस्त्रीचा डाग आहे, टोकासकट. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं तोंडाला रुमाल लावला. मोबाईल वर झाले. मग टाळ्या वाजल्या. टाळ्या! कशाला, ते मला अजून कळलेलं नाही. मला एक साडी दिली, खांद्यावर शाल टाकली आणि स्टेजवरून उतरवलं.

मी का केली बाही वर? घाबरले म्हणून, दुसरं काय. सात वर्षं कोणी चढ्या आवाजात बोललं की समोरचा सांगेल ते मी करत आले. सवय लागते माणसाला.

तेव्हा मला अंबरनाथ पश्चिमेला येऊन चारच महिने झाले होते. आधी बदलापूरला, हेंद्रेपाड्यात राहायचो. नवरा कंपनीत सुपरवायझर. सोसायटीत सगळ्यांशी गोड, सगळे त्याला साहेब म्हणायचे. शर्टाच्या कॉलरला सुरकुती राहिली म्हणून त्यानं गरम इस्त्री माझ्या दंडावर ठेवली आणि चार आकडे मोजले. मोठ्यानं मोजले. पोरगी दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी तो ड्यूटीवर गेला आणि मी पोरीला घेऊन निघाले.

पोरगी सहा वर्षांची. तिला इथल्या शाळेत घातली नव्हती, कारण दाखला आणायला जुन्या शाळेत जावं लागलं असतं, आणि शाळेनं त्याला सांगितलं असतं कुठं चाललीय ते. म्हणून पोरगी घरी. मी दिवसातून दहा वेळा कडी बघायची. जिन्यात बुटांचा आवाज आला की पोरीला दारापासून ओढून घ्यायची. भाजी घ्यायलासुद्धा मी तोंडाला ओढणी बांधून जायची.

खोली मिळवून दिली ती बुद्धविहारातल्या मावशींनी. नात्याच्या नाहीत, सगळ्या वस्तीच्या मावशी. दुपारी त्या आठ-दहा बायांना विहारात बसवून जीन्सचे धागे काढायचं काम करतात. उल्हासनगरच्या कारखान्यातून टेम्पो येतो, गठ्ठे टाकतो. शिलाईनंतर पँटला धागे लोंबत राहतात, ते कटरनं कापायचे. बस, एवढंच. मला वाटलं रोजीचं काम आहे. पंधरा दिवसांनी कळलं, तिथं बसलेल्या प्रत्येकीच्या घरात काही ना काही झालेलं आहे.

मावशींची पद्धत अशी, की कोणी कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. नजर पँटवर. बोलायचं असेल तर पँटकडे बघत बोलायचं, नसेल तर धागे कापायचे. "अरेरे" म्हणायचं नाही. "तू काय केलंस मग त्यानं मारायला" हे तर अजिबात नाही. मी तीन आठवडे गप्प होते. एक दिवस एका पँटचा खिसा हातात धरून मी सगळं सांगून टाकलं, इस्त्री, चार आकडे, दारातली पोरगी. कोणी मान वर केली नाही. थोड्या वेळानं शेजारची म्हणाली, "मग त्या दिवशी जेवलीस का काही?" एवढंच विचारलं. मी हमसून हमसून रडले बाई. मला आजवर ते कोणी विचारलंच नव्हतं.

आणि याच मावशींनी मला त्या हॉलमध्ये पाठवलं. मॅडमच्या मंडळानं विहाराला दोन पंखे दिले होते. मॅडम म्हणाल्या, आमच्या कार्यक्रमाला तुमच्यातली एखादी बाई द्या. मावशींना वाटलं, मोठी माणसं आहेत, पोरीच्या शाळेचं बघतील. चुकल्या. नंतर स्वतःच म्हणाल्या, "माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती गं." पंखे फिरत होते डोक्यावर.

चार दिवसांनी माझ्या धाकट्या भावाचा बदलापूरहून फोन आला. आवाज उतरलेला.

"ताई, दाजी आले होते. तू अंबरनाथला आहेस म्हणाले. त्यांच्या मोबाईलवर फोटो आलाय."

मी म्हटलं, मंडळाच्या पेजवरच्या फोटोत माझं तोंड पुसलंय, नावपण नाही.

"खाली लिहिलंय ना, अंबरनाथचा कार्यक्रम, हेंद्रेपाड्याची भगिनी. आणि ते हसत होते ताई. म्हणाले, तो हात मीच भाजलाय, मला ओळखू येणार नाही होय?"

मी तिथंच खाली बसले, पोरीला मांडीत घट्ट दाबून. ती म्हणाली, मम्मी दुखतंय.

विहारात सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच सगळ्यांनी मान वर केली. कोणी धीर-बीर दिला नाही. एकीनं विचारलं, "किती वाजता सुटतो तो कामावरून?" दुसरीनं त्याचा फोटो मागितला आणि प्रत्येकीला दाखवला. त्या दिवसापासून गठ्ठे विहारात न उतरता माझ्या दारासमोरच्या पॅसेजमध्ये यायला लागले. आठ बाया, आठ कटर. जिन्यावरून येणाऱ्याला त्यांच्यामधूनच यावं लागायचं. तरी मी घाबरलेलीच होते.

मावशींना घेऊन मी मॅडमच्या ऑफिसात गेले. एसी होता. फोटो काढून टाका म्हटलं.

"चेहरा ब्लर केलाय ना? कमाल आहे. आणि बाही तूच वर केलीस, मी धरून वर केली का?"

मी म्हटलं, त्याला कळलं मी कुठं आहे ते.

"हे बघ, तुमच्या वस्तीत हे चालायचंच. आम्ही आवाज उठवतो म्हणून निदान लोकांना कळतं. आणि ऐक, पुढच्या महिन्यात देणगी देणारे कंपनीवाले येणार आहेत. हिंदीत बोलायची तयारी कर जरा. तेव्हा रडलीस तर चालेल."

हेंद्रेपाड्यातल्या सोसायटीला लिफ्ट होती, सीसीटीव्ही होता, माझा नवरा बारावी पास होता. कुठल्या वस्तीत चालायचंच म्हणे! मी म्हटलं,

"नाही येणार. फोटो काढून टाका. माझ्यासमोर."

"आणि नाही काढला तर?"

"तर मी इथनं उठणार नाही."

आणि मी सोफ्यावर नाही, दारातच बसले. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. मावशी माझ्या शेजारी बसल्या. अर्ध्या तासानं मॅडमनी माझ्यासमोर मोबाईल धरून फोटो काढून टाकला. "समाधान झालं?" म्हणाल्या.

कसलं समाधान? शंभर मोबाईलवर गेला असेल तो. माझ्या नवऱ्याच्या मोबाईलवर तर आहेच. तो काय तिथून निघणार आहे?

ऑफिसातून बाहेर पडलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "गावाकडे माझी बहीण आहे, तिकडे धाडू का तुला? तिथं नाही शोधणार तो." मी थोडा वेळ तो विचार केला, खोटं कशाला सांगू. मग म्हटलं, नको. आपण पोलीस स्टेशनला जाऊ.

तिथल्या पोलीस बाईंनी कागद ओढला. नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, काय झालं ते विचारलं. मी सांगत गेले. मध्येच दोनदा पाणी मागितलं. मग त्यांनी पत्ता विचारला, आणि मी दाराकडे बघितलं. चार महिने मी तो पत्ता दूधवाल्यालासुद्धा दिला नव्हता.

मी दिला. मजला, खोलीचा नंबर, सगळं.

तो येईल. आजच आला तरी मला नवल वाटणार नाही. हे लिहितानाही माझे कान जिन्याकडेच आहेत. पण पोरीला घेऊन मी आता तिसरीकडे पळणार नाही. आम्ही इथंच राहणार. जायचं तर त्यानं जायचं, आणि कुठं जायचं ते मी आज तक्रारीत लिहून देऊन आलेय.