पट्टीखालची ओळ

वेबसाइटची पानं बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यातली एक गोष्ट मला फार चांगली जमते, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. पान कितीही वर-खाली सरकवा, त्याच्या कडेला मी बसवलेली बटणांची पट्टी जागची हलायची नाही. दुसऱ्या कोणाची पट्टी उडायला लागली की मला हाक यायची. या कौतुकाचा मला माज होता, खोटं कशाला बोलू? आता कोणी तो विषय काढला की मी उठून पाणी प्यायला जाते.

आमचं ऑफिस हिंजवडीत, मोठ्या कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमागे, एका हार्डवेअरच्या दुकानावर. एकदा एका जमीनवाल्या कंपनीचं काम आलं. त्यांनी लोणी काळभोरच्या पलीकडे बंगल्यांसाठी प्लॉट पाडले होते आणि त्यांच्या जाहिरातीचं एक लांबलचक पान करायचं होतं. वर सूर्यास्त, मधे नकाशा, मग हसणारं कुटुंब. अगदी तळाला, राखाडी बारीक अक्षरांत, त्यांच्या वकिलाने घालायला लावलेली एक ओळ होती: 'नकाशातील रस्ता प्रस्तावित असून सध्याचा प्रवेश शेजारील खासगी शेतजमिनीतून, मालकाच्या संमतीने आहे.'

त्यांच्या मार्केटिंगच्या माणसाला मोबाइलच्या तळाशी 'आत्ताच बुक करा' अशी केशरी पट्टी हवी होती. "कस्टमर पेजवर कुठेही असू दे, बटन त्याच्या अंगठ्याखाली पाहिजे," तो म्हणाला. मी अर्ध्या तासात करून दिली. अशा पट्टीचा एक नियम असतो, तो शिकाऊ पोरांनाही पहिल्या आठवड्यात कळतो. पट्टी जेवढी उंच, तेवढी रिकामी जागा पानाच्या शेवटी सोडायची. नाही सोडली तर शेवटची ओळ कायमची पट्टीमागे राहते, कितीही ओढा, वर येत नाही. मी जागा सोडली होती.

त्याला ती आवडली नाही. "खाली एम्प्टी एम्प्टी वाटतंय. काढून टाका ना." मी सांगितलं, की काढली तर शेवटची ओळ मोबाइलवर वाचता येणार नाही. त्याने आमच्या साहेबांकडे बघितलं. साहेबांनी सावकाश चष्मा पुसला. "अहो, शेवटची ओळ वाचणारा माणूस कधी प्लॉट घेतो का?"

दोघेही हसले. मीही हसले. हे लिहायचं टाळणार होते, पण हसले. आणि जागा काढून टाकली. कॉम्प्युटरवर ओळ नीट दिसत होती, म्हणजे लपवली असं कोणाला म्हणता आलं नसतं. मोबाइलवर मात्र पट्टीच्या वर तिच्या वेलांट्या आणि मात्रा तेवढ्या दिसत होत्या.

पान सुरू झालं त्या दिवशी मी त्याची लिंक बाबांना पाठवली. आपलं काम बाबांना दाखवायची मला लहानपणापासूनची हौस. बाबा तरुणपणी परभणीकडून पुण्यात आले, कारखान्यात राबले आणि आम्हाला घेऊन विश्रांतवाडीत एकामागून एक भाड्याच्या खोल्या बदलत राहिले. औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा ते घडी उलगडून शेवटपर्यंत वाचतात. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच गोष्ट हवी होती. स्वतःची जमीन, तिच्यावर एक खोली, पुढे चार झाडं.

दीड महिन्याने, एका रविवारी सकाळी, ते पेढ्यांचा पुडा घेऊन घरात आले. "तुझ्याच पानावरून बुक केला प्लॉट. कंपनीच्या गाडीने जाऊन बघूनही आलो," म्हणाले. इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

ती ओळ मला तिथेच आठवली, शब्दन्‌शब्द. खरेदीखत अजून व्हायचं होतं, मागे फिरता आलं असतं. त्यासाठी मला एवढंच सांगायचं होतं, की बाबा, तिथे एक ओळ आहे आणि ती मी झाकली आहे. आईने देवापुढे पेढा ठेवला, एक माझ्या हातावर ठेवला, आणि मी तो खाल्ला. प्रस्तावित आहे म्हणजे आज ना उद्या रस्ता होणारच, असं मनाशी म्हटलं. स्वतःची समजूत घालायला मला कधीच फार वेळ लागत नाही.

खरेदीखत झालं. पाऊस ओसरल्यावर आम्ही दोन आंब्याची आणि एक कढीपत्त्याचं अशी रोपं घेऊन गेलो, तर वाटेवर तार ओढलेली. शेताचा मालक बांधावरच उभा होता. "रस्ता? हितं कुठं हाय रस्ता, पाव्हणं? ही आमच्या रानातली वाट हाय. कंपनीला वापरू दिली व्हती, त्यांची इक्री झाली, इषय संपला." माणूस उद्धट नव्हता. त्याने आम्हाला पाणी दिलं, आणि त्याचं चुकतही काही नव्हतं. बाबा तारेपलीकडे आपल्या प्लॉटच्या खुंट्यांकडे बराच वेळ बघत राहिले. रोपं आम्ही परत आणली.

घरी आल्यावर बाबांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सगळं वेबसाइटवर दिलेलंच आहे, काका."

बाबांनी ते पान उघडलं आणि अंगठ्याने सरकवत शेवटपर्यंत गेले. आता गप्प बसणं मला शक्यच नव्हतं. "बाबा, ती ओळ त्या पट्टीमागे आहे. पट्टी मीच बसवली आहे. मला माहीत होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अंगठा अजून काचेवरच होता.

"खाली काहीतरी लिहिलंय हे मला तेव्हाच दिसलं होतं," ते म्हणाले. "वेलांट्या दिसत होत्या. ओढून ओढून बघितलं, वर येईना. तुला विचारणार होतो."

"मग विचारलं का नाही?"

"म्हटलं, पान तू केलंयस. कामाचं काही असतं, तर तू ते झाकू दिलं नसतंस."