डावा कान

फटाक्याच्या दारूचा वास आला की मला आमची तांबडी घोडी आठवते. चांगल्या अवलादीची म्हणून बाबांनी तिला शिंगरू असतानाच सौंसरला आणली आणि मीच तिला वाढवली. ट्रकचा भोंगा असो की बँडचा ढोल, माझा हात मानेवर असला की ती बिचकत नसे. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात, ती तीन वर्षांची असताना, मोहगावला मित्राच्या वरातीसाठी मी तिला नेली. दिवस मावळत होता, गॅसबत्त्या पेटल्या होत्या, रस्त्यावर मारलेल्या पाण्याने धूळ बसली होती. मित्राच्या काकांनी विचारलं, "घोडी भेत तं नाही ना? फटाके दूर लावतो." चार लोकांपुढे मी ऐटीत म्हणालो, "इथंच लावा काका. तोफ फुटली तरी हालनार नाही थे." लडीतला एक फटाका उसळून तिच्या डाव्या कानापाशी फुटला. तिचं सगळं अंग थरथरलं. मी लगाम घट्ट धरून म्हणालो, "उभी राय," आणि उरलेली लड तिच्या शेजारीच फुटत असतानाही ती उभी राहिली. लोक म्हणाले, "वा, काय गुणाची घोडी हाये," आणि मी हसत होतो. दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूने हाक मारली, तर तिने मान वळवली नाही. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "हा कान गेला." बाबांना मी सांगितलं, फटाका चुकून उडाला. ते तिच्या नशिबालाच बोल लावत राहिले. आता साठी उलटली, बाबाही नाहीत. त्या संध्याकाळी ती उधळली असती तर कदाचित तिचा कान वाचला असता. पण मी थांब म्हटलं, म्हणून ती थांबली.