सगळ्यांना आवतण देणारी मावशी

धवलारीण मावशी गायला उठली की कीबोर्ड वाजवणारा राहुल आधी माईक दोन हात मागे सरकवायचा. तरीही स्पीकर कण्हायचा. रेवसच्या रस्त्यावरच्या आमच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात गिटार होती, इलेक्ट्रॉनिक ड्रम होते. पण बाहेर रिक्षा थांबायच्या त्या तिच्या आवाजाने.

मूळचं तिचं काम लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाण्याचं. आमच्या आगरी लग्नात भट असो वा नसो, धवलारीण लागते. नवऱ्याच्या आजारपणात ती प्रार्थनेला येऊ लागली आणि तो गेल्यावरही येत राहिली. "बरा तर झाला नाही तो, मग अजून का येतेस?" असं कुणी खोचकपणे विचारलं की म्हणायची, "रडायला जागा भेटली म्हनून."

प्रार्थनाघरातली जुनी भाषांतरित गाणी तिला आवडत नसत. "ही गानी बूट घालून चालतात. आपली अनवानी चालतात." म्हणून तिने बायबलमधली, येशूने पाण्याचा द्राक्षारस केला ती काना गावच्या लग्नाची गोष्ट धवल्याच्या चालीत बांधली. "लगीन म्हनजे माझा खाता. मांडवात द्राक्षारस संपल्यावर येशूच्या आईच्या पोटात कसा गोला आला असंल, ता मना विचार!" राहुलने त्याखाली ड्रम घातले, मध्ये स्वतःचं रॅप घातलं. ते पहिल्यांदा ऐकून मावशी म्हणाली, "गाना झ्याक हाय. पन हा पोरगा मधीच भांडतो कोनाशी?"

धवल्याची सुरुवात आवतणाने होते. देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन लग्नाला बोलवायचं. पहिला मान गावदेवीचा. ईस्टरच्या कार्यक्रमात मावशीने डोळे मिटले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने पहिलं आवतण गावदेवीला दिलं. मग येशूला. राहुलच्या ते लक्षात आलं, पण त्याला ते इतकं सुंदर वाटलं की त्याने व्हिडिओ तसाच टाकला. आठवड्यात तो अख्ख्या तालुक्याच्या फोनवर होता.

पास्टरांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "देवाच्या घरात तुम्ही कुणाला बोलावलंत, मावशी?"

"लग्नाला बोलावला, पास्टर. गावच्या आईला वगलून लगीन लावायचा कसा?"

त्या दिवसापासून तिचं गाणं बंद. गाणं मात्र चालू राहिलं. आवतण कापून तिचा रेकॉर्ड केलेला आवाज दर रविवारी लावत. आवाज पवित्र आणि बाई अपवित्र, हा हिशेब लावणाऱ्यांची मला आजही चीड येते.

गावही काही वेगळं नव्हतं. तिच्या भावाच्या मुलीचं, सुजाताचं लग्न ठरलं होतं. सुजाता पाळण्यात होती तेव्हापासून मावशी सांगत आलेली, "हिची हलद माझ्याच तोंडून लागंल." एका संध्याकाळी भाऊ ओटीवर येऊन बसला. मी शेजारचीच, तेव्हा तिथे बसले होते.

"ताई, हलदीला ये, जेव. पन गाऊ नको."

"कोन बोलतंय?"

"पोरीचा सासर. गावच्या आईला तू ड्रमवर येशूच्या पंगतीला बसवलीस, म्हनतात."

"पंगतच होती ना रं?" मावशी म्हणाली.

मी चिडून एक पत्रक लिहिलं. सूर कुणाच्या मालकीचा नसतो, असं त्यात ठणकावलं. ते छापून दोन्हीकडे वाटलं. पास्टरांनी घडी घालून बायबलमध्ये ठेवलं. भावाने वाचून डोळे पुसले. "बरोबर लिवलंस, पोरी," म्हणाला. पण दोघांनीही आपला निर्णय बदलला नाही.

हळदीला लांबच्या गावाहून एक तरुण धवलारीण आणली होती. बरी गात होती. देवांची आवतणं झाली, गेलेल्या माणसांची सुरू झाली. सुजाताच्या आजीचं, म्हणजे मावशीच्या आईचं नाव तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने ते आवतण सोडलं आणि पुढचा धवला उचलला.

बायकांनी मावशीकडे माना वळवल्या. पिवळ्या चेहऱ्याची सुजाता पाटावरून हळूच म्हणाली, "आत्या, तू घे ना नाव."

मावशीने भावाकडे पाहिलं. भाऊ मांडवाच्या खांबाकडे पाहत राहिला. समोरच सासरची माणसं बसली होती.

मावशीने पदर तोंडावर ओढून घेतला. पदराआड तिचे ओठ हलत होते. मी तिला खेटून बसले होते, तरी मला काहीही ऐकू आलं नाही.