सिव्ब्रितने घेतलेला श्वास

सिव्ब्रित हेग्लुंडला गप्प बसलेलं ल्यूसफोश या आमच्या स्वीडिश गावात कुणी पाहिलं नव्हतं. हेलमार ट्रकच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं केबिनचं वेल्डिंग केलं, आणि त्या खणखणाटातही तिचा आवाज पलीकडच्या शेडपर्यंत जायचा. मुकादमाला ती तोंडावर सांगायची, "तुझं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे आणि अक्कल दहा मिनिटं मागे." म्हणूनच तर युनियनने तिला संचालक मंडळावर पाठवलं. आमच्याकडे कायदाच आहे तसा: मालकांच्या टेबलाशी कामगारांच्या दोन खुर्च्या. लोकांना वाटलं, आता आपलं म्हणणं वरपर्यंत जाईल. वरचं खाली येणार नाही, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. पहिल्याच बैठकीत तिच्याकडून गुप्ततेच्या कागदावर सही घेतली गेली.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी अध्यक्षांनी सांगितलं की हेलमार विकायची आहे, एका परदेशी कंपनीला. कुठल्या देशातल्या, ते सोडा. पैसा कुठलाही असो, बैठकीत तो इंग्रजीच बोलतो. ट्रकवर नाव हेलमारचंच राहणार होतं, पण रंगखातं वसंतात बंद करून तिकडे हलवायचं होतं. म्हणजे नाव आमचं आणि रंग त्यांचा. सह्या ऑक्टोबरमध्ये व्हायच्या होत्या. "तोवर एक शब्द जरी बाहेर गेला," अध्यक्ष म्हणाले, "तर विकत घेणारे उठून जातील, आणि मग नऊशे जण घरी बसतील."

विरोधात दोन हात वर झाले, बाजूने सात. ते दोन कुणाचे हे सांगायला नको. आणि रंगखात्यात सव्वीस वर्षं काम करत होता तोर्गनी, सिव्ब्रितचा धाकटा भाऊ.

गुरुवारी तोर्गनीच्या अंगणात आंबवलेल्या हेरिंग माशांचा डबा उघडला. त्या वासाने शेजाऱ्यांची मांजरं जमतात आणि दक्षिणेकडचे पाहुणे पळतात. आम्ही मात्र वर्षभर त्या दिवसाची वाट पाहतो. पातळ भाकरीवर बटाटा, कांदा आणि मासा रचत तोर्गनी म्हणाला, "सिव्, गावातली घरं तापवणाऱ्या गरम पाण्याच्या केंद्रातून फोन आला होता. कायमची नोकरी आहे. पगार जरा कमी, पण पाळ्या नाहीत. उद्या बारापर्यंत कळवायचंय."

"मी याला म्हणतेय, रंगाच्या वाफा पुरे झाल्या आता," त्याची बायको माय्लिस म्हणाली.

"तू गप गं! सव्वीस वर्षं सोडून पाइपांचे नट आवळत बसू? सिव्, तू त्या मोठ्या लोकांत बसतेस. तूच सांग. हेलमारमध्येच राहू ना मी?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी सिव्ब्रितची गत झाली. पण हा तिचा भाऊ होता, लहानपणी बर्फात पाय रुतला की तिच्याच नावाने रडणारा. सांगून टाकायचं, होईल ते होईल, असं ठरवून तिने तोंड उघडलं आणि श्वास आत घेतला.

आता आमच्या या उत्तरेकडे एक खोड आहे. इथे माणूस तोंडाने हो म्हणत नाही. ओठ जरासे उघडून झटकन हवा आत ओढतो, चहा भुरकल्यासारखा आवाज होतो, आणि झाला होकार. पोस्टातली बाई तोच देते, लग्नात नवरदेवही तोच देतो.

"झालं तर!" तोर्गनी टेबलावर हात आपटून म्हणाला. "ऐकलंस माय्लिस? संचालक बाईंनी हो म्हटलंय." त्याने पेला उचलला. सिव्ब्रितचं तोंड अजून उघडंच होतं. नऊशे माणसं त्या तोंडाशी आली आणि तिने ते मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिने अध्यक्षांना फोन लावला. "एकाच माणसाला सांगते. सख्खा भाऊ आहे."

"एकाला सांगितलेली गोष्ट ल्यूसफोशमध्ये संध्याकाळपर्यंत कितींना कळते?" त्यांनी शांतपणे विचारलं. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. "मला खरंच वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि बहुधा वाटतही असावं. वाईट वाटून घ्यायला काही लागत नाही.

तरी ती रंगखात्याच्या दारापर्यंत गेली. काचेपलीकडून तोर्गनीने तिला पाहिलं, तोंडावरचा मास्क वर केला, खिशातला फोन काढून दाखवला आणि अंगठा उंचावला. नकार कळवून झाला होता. अजून साडेनऊही वाजले नव्हते.

ऑक्टोबरमध्ये जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. परदेशी साहेब नम्र होते, जेमतेम दोन वाक्यं स्वीडिशमध्येही बोलले. मग रंगखात्याचं सांगितलं, आणि मग केक कापला. वाईट बातमी कोरड्या तोंडाने द्यायची नाही, ही आमची रीत. तोर्गनीनेही एक तुकडा घेतला आणि उभ्याने खाल्ला. मंचावर बसलेल्या बहिणीकडे त्याने पाहिलं नाही.

रविवारी तो तिच्याकडे कॉफीला आला, नेहमीसारखाच, न कळवता.

"कधीपासून माहीत होतं?"

"ऑगस्टपासून."

"हेरिंगच्या आधी की नंतर?"

"दोन दिवस आधी."

त्याने साखरेचा खडा दातांत धरला आणि त्यातून कॉफी ओढली. "मी विचारलं तेव्हा तू हो म्हणालीस."

"तो हो नव्हता रे. सांगायला म्हणून श्वास घेतला होता मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू माय्लिसला सांगितलं असतंस."

तोर्गनीने खरोखरच विचार केला. "असतं," तो म्हणाला. "आणि तिने तिच्या बहिणीला. आणि ती तर रेडिओच आहे." तो हसला. सिव्ब्रितला वाटलं, याने ओरडावं, कप फोडावा, दार आपटून जावं. तो हसला याचंच तिला रडू आलं.

"आणि ती गरम पाण्याची जागा?" तिने विचारलं.

"गेली. लिक्सेले गावचा कोणीतरी आलाय तिथे."

केबिनची शेडही बंद करण्याचं मंडळात बोलणं सुरू झालं होतं. तोर्गनीचा मुलगा तिथे कामाला होता. "तोर्गनी," ती म्हणाली, "अजून एक..."

त्याने पंजा वर केला. "नको. नको सांगूस. पुन्हा तुझ्यावर बालंट नको आणि माझ्या डोक्याला घोर नको." मग म्हणाला, "पण एक कर. माझ्यासमोर गप्पही बसू नकोस. तू गप्प बसलीस की मला आता भीती वाटते."

म्हणून सिव्ब्रित बोलत राहिली. यंदाचे बटाटे तळघरात लवकर कुजताहेत, शेजारच्या कुत्र्याने टपालवाल्याचा मोजा फाडला, पहिला बर्फ या आठवड्यात पडणार म्हणतात. त्याची कॉफी संपेपर्यंत ती थांबली नाही. तोर्गनी मान डोलवत होता. पण बटाट्यांचंसुद्धा त्याला खरं वाटतंय की नाही, हे तिला कळेना.