संगणकाचा शनिवार

पडद्यावर तुमच्या नावापुढे एक वेळ उमटली आणि पोलिसांनी ती खरी मानली, तर तुम्ही स्वतःला निर्दोष कसं ठरवाल? ज्या घटनेने मला हा प्रश्न पाडला, ती पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावरही माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

द्रोणागिरीतल्या एका गोदामातून मोबाइलच्या सुट्या भागांची खोकी चोरीला गेली होती. खबऱ्याची बातमी पक्की होती : शनिवारी रात्री आठच्या सुमारास भरलेला टेम्पो मागच्या फाटकातून निघाला. महागडा माल जाळीच्या खोलीत असे. तिचं दार कार्डाने उघडे आणि कोणी कधी उघडलं ते संगणकात उतरे. त्या शनिवारच्या दोनच नोंदी होत्या. दुपारी अडीचला सुपरवायझर. रात्री आठला करावे गावचा एक फोर्कलिफ्टचालक.

चालकाला ठाण्यात आणलं. ज्या ठेकेदाराकडे तो कंत्राटावर होता, त्याने आधीच बजावलं होतं, अटक झाली तर पुन्हा तोंड दाखवू नकोस.

"आठला मी गावातच व्हतो, सायेब. शेजारी लग्नाची हलद व्हती. मंग दहाला रातपालीला आलो. जालीत गेलो तो शनवारी राती दीडला, माल ठेवाला."

हवालदार खेकसला, "अरे, शनिवारचा दीड शुक्रवारच्या रात्रपाळीत येतो, आणि तिला तुझी सुट्टी होती. मग शनिवारी दीडला काय स्वप्नात माल ठेवलास?"

"दीडलाच गेलो."

खोटं बोलणारा माणूस अडचणीत आला की वेळ बदलतो, हा माझा अनुभव. हा बदलत नव्हता. पण शेजाऱ्यांची साक्ष कोर्टात किती टिकणार? संध्याकाळपर्यंत अटक दाखवायची, असं ठरलं होतं.

चहा आला. हवालदार म्हणाला, "साहेब, आज लवकर आवरू. काल रात्री दोनला घरी पोचलो, बायको दार उघडेना."

"काल दोनला, की आज?"

"कालच ना, साहेब. अजून झोपलो कुठे होतो?"

मी कप खाली ठेवला. आपण सगळे असंच बोलतो. आपला वार उजाडल्याशिवाय बदलत नाही. चालकाचा शनिवारचा दीड म्हणजे कॅलेंडरचा रविवार! पण रविवारी दीडलाही संगणकात नोंद नव्हती. मग ती गेली कुठे?

आम्ही गोदाम गाठलं. पहारेकऱ्याला दाराला कार्ड लावायला सांगितलं. माझ्या घड्याळात सकाळचे अकरा. पडद्यावर पहाटेचे साडेपाच.

ते सॉफ्टवेअर बसवणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला. तो सहज म्हणाला, "सर, सर्व्हरवर ग्रीनविच टाइम ठेवतो. काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळं फिरवतात, त्यात गोंधळ नको म्हणून. स्क्रीनवर इंडियन टाइम दाखवायचं सेटिंग बहुतेक राहिलं."

बहुतेक राहिलं! त्या एका सेटिंगपायी एक माणूस कोठडीच्या दारात उभा होता.

प्रत्येक नोंदीत साडेपाच तास मिळवले. रात्रीचे आठ झाले दीड, चालकाने सांगितला तोच. आणि भर दुपारची म्हणून कोणी ढुंकूनही न पाहिलेली अडीचची नोंद झाली रात्री आठची. सुपरवायझर फार वेळ टिकला नाही. जुईनगरच्या एका भाड्याच्या गाळ्यात खोकी सापडली.

चालकाला जायला सांगितलं, तरी तो हलेना.

"सुटलो ना, सायेब?"

"पळ आता," हवालदार हसला, "नायतर रातपाळी इथंच लावतो."

सर्व्हरचं गणित चुकलं नव्हतं, चालकही खोटं बोलला नव्हता. गंमत म्हणजे त्या संगणकाची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलत होती, म्हणून दोघांचा शनिवार एकच होता. तरीही आम्ही पडद्यावरच्या आकड्याला खुर्ची दिली आणि कंत्राटी कामगाराला उभं ठेवलं. हा अन्याय आहे, आणि तो रोज कुठे ना कुठे घडतो आहे.

तुमच्या सोसायटीच्या फाटकावर, ऑफिसात, कारखान्यात असं यंत्र असेलच. आज त्याच्यासमोर उभे राहा आणि हातातल्या घड्याळाशी त्याची वेळ ताडून बघा. जुळली नाही तर लेखी तक्रार करा, आणि दुरुस्ती होईपर्यंत पाठ सोडू नका.