खिडकीत राहिलेली

दुपारची जेवणं झाली की कतारमधल्या अल खोरच्या आमच्या घरात एसीचा आणि टीव्हीचा असे दोनच आवाज उरतात. मुलगा प्लँटवर, सून दोह्याला ऑफिसात, आणि बाहेर असं ऊन की मांजरसुद्धा गाडीखालून निघत नाही. सुट्टी लागलेली नात आणि मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसतो. ती लावते तो कार्यक्रम परदेशातल्या एका पंथाचा असतो. तिथं एकेका पुरुषाला चार-पाच बायका, आणि त्यातून पळून येणाऱ्या बायकांमागं कॅमेरा घेऊन धावणारी माणसं. सगळं खरं असतं म्हणे. खरं असेल तर पळताना उजेड इतका छान कसा पडतो, असं मी विचारते. नात म्हणते, "आजी, जस्ट वॉच."

मी बघते. यातलं बरंचसं मला पाठ आहे.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, एका मठातल्या महाराजांची तिसरी बायको. बायको हा शब्द मठात चालत नसे. तिथं थोरल्या माई, मधल्या माई आणि धाकट्या माई होत्या. लग्नही महाराजांशी लागत नसे, कारण कायदा आडवा येतो. नवरी त्यांच्या पादुकांना हार घालायची. पादुकांवर कोण खटला भरणार? आमचे आईवडील त्या पंथात मुरलेले. एकवीस वर्षांची लेक पादुकांना दिली आणि घरोघर पेढे वाटले.

आणि मी काय करत होते? रुसले होते. एकोणीस वर्षांची घोडी, दोन दिवस जेवले नाही, कारण निवड माझी व्हायला हवी होती. आरशासमोर मी रोज तयारी करत असे. डोळे अर्धे मिटायचे, मान जराशी कलती ठेवायची, आणि चालायचं असं की पाय जमिनीला लागतच नाहीत. त्या चालीपायी एकदा प्रसादाच्या परातीसकट मठाच्या पायऱ्यांवरून खाली आले. महाराजांनी पाहिलं आणि म्हणाले, "हिला आधी सरळ चालायला शिकवा." माझं अध्यात्म तिथं संपलं. पुढं मला चारचौघींसारखा नवरा मिळाला, नाशिकला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. त्याचं श्रेय माझ्या अकलेला नाही, त्या परातीला आहे.

अक्का मात्र तिथंच राहिली. मी अधूनमधून भेटायला जायची आणि दर वेळी विचारायची, येतेस का माझ्याबरोबर? ती म्हणायची, "बरं आहे गं इथं." समोर थोरल्या माई बसलेल्या असत, त्यांच्या धाकानं ती असं म्हणते याची मला खात्री होती. उंच, कोरडी बाई. लग्नाच्या दिवशी मी पादुकांना हात लावायला गेले तर त्यांनी फटकन हातावर मारलं होतं. त्या एका फटक्यावरून मी त्यांचं अख्खं चरित्र मनात रचून ठेवलं. माझ्या बहिणीला छळणारी सवत.

मग महाराज गेले, मधल्या माई गेल्या, गादीवर पुतण्या बसला. या उन्हाळ्यात अक्काचा फोन आला. ती आणि थोरल्या माई राहत ती खोली पाडून तिथं भक्तनिवास होणार होता. या दोघींची रवानगी गोठ्यामागच्या पत्र्याच्या खोलीत. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "इथं आता बरं नाही."

हे वाक्य तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, निघ. कुठं, ते माझं मलाच माहीत नव्हतं. इथं आणावी तर पासपोर्ट सोडाच, तिचं रेशनकार्डावरसुद्धा नाव नाही. मी स्वतः इथं मुलाच्या व्हिसावर राहते, आणि नाशिकच्या घराला कुलूप. अक्का म्हणाली, विचार करते. तिचा विचार काही संपेना. तेव्हा मला वाटलं, बाहेर पडलेल्या बायका तिला दाखवाव्यात, म्हणजे धीर येईल.

दुपारी पुतण्या झोपला की कुणा भक्तानं दिलेला फोन घेऊन ती गच्चीवर येते. मी व्हिडिओ कॉल लावला आणि माझा फोन टीव्हीसमोर धरून उभी राहिले. नातीनं कपाळाला हात लावला. लिंक पाठवता येते म्हणे. ती उघडायला शिकेपर्यंत अक्का गोठ्यामागं पोचली असती.

पडद्यावर एक बाई पोरांना गाडीत कोंबून निघाली. न्यायला भाऊ आला होता. बाई रडत होती, मागं संगीतही रडत होतं. मग तिनं दुकानातून जीनची पँट घेतली, लांबलचक वेणी कापून टाकली. माझा हात भरून आला, पण मी हलले नाही. म्हटलं, बघ, बघ. अक्का गप्प. मला वाटलं, नेट गेलं.

मग ती म्हणाली, "जरा मागं घे."

नातीनं गाडी निघते तिथपर्यंत मागं नेलं.

"ती खिडकीत कोण गं?"

आम्ही दोघींनी वाकून पाहिलं. वरच्या खिडकीत पडदा जरासा सारून एक बाई उभी होती. हा भाग मी आधीही पाहिला होता, ती दिसलीच नव्हती. नात म्हणाली, दुसरी बायको असेल, शो तिच्याबद्दल नाहीये.

"मग तिचं काय झालं?" अक्कानं विचारलं.

मी म्हटलं, तिचं जाऊ दे, तू निघणार की नाही ते बोल.

"निघेन. पण थोरल्यांना घेऊन."

मी हसले. मला थट्टाच वाटली. "अगं, ज्या बाईनं जन्मभर तुला..."

"मला काय?" ती शांतपणे म्हणाली. "पहिल्या रात्री मी रडत होते, तेव्हा माझ्याशेजारी त्या येऊन निजल्या. पुढं रोज माझी वेणी त्यांनी घातली. तुला काय माहीत? तू पेढे खाऊन परत गेलीस."

थोरल्या माईंना आता दिसत नाही. मोरीपर्यंत हात धरून न्यावं लागतं. त्या पत्र्याच्या खोलीत अक्काशिवाय त्या चार दिवस टिकायच्या नाहीत. हे सगळं तिनं सांगितलं. मी म्हटलं, बघते. माझं 'बघते' म्हणजे काय, ते तिला लहानपणापासून ठाऊक आहे. तिनं फोन ठेवला.

जेवताना मुलाला सांगितलं. तो म्हणाला, मावशीचं समजू शकतो, पण त्या बाईचं आपल्याशी नातं काय? सुनेनं फक्त विचारलं, "आई, किती दिवसांसाठी जाल?" सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की इथला परवाना जातो, हे तिला माहीत होतं आणि मलाही. आंधळ्या बाईला सहा महिन्यांत आटपा, असं कसं सांगणार? हा थंडगार सोफा, हातात येणारा चहा, अर्धं मराठी समजणारी ही पोर. सगळं सोडून दोन खोल्यांत तीन म्हाताऱ्या, त्यात गुडघे फक्त माझ्या अक्काचे शाबूत. निवड झाली नाही म्हणून जी दोन दिवस उपाशी बसली होती, तिची आता निवड झाली होती, आणि बाई पाय मागं घेत होती.

चार दिवस मी तो कार्यक्रम लावू दिला नाही. पाचव्या दिवशी मुलाला म्हटलं, तिकीट काढ. जाण्याचं फक्त. त्यानं लॅपटॉप उघडला.

अक्काला फोन केला. म्हटलं, दोघी निघा, मी मंगळवारी नाशिकला पोचते. थोरल्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेते असं पुतण्याला सांगायचं आणि एसटी धरायची, असं आमचं ठरलं. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "घर नीट झाडून घे. त्यांना पालीची भीती वाटते. दिसत नाही तरी."

ते बोलणं शुक्रवारचं. शनिवारपासून तिचा फोन बंद लागतो. चार्जिंग संपलं असेल, असं नात म्हणते. पुतण्यानं काढून घेतला असेल, असं मी म्हणत नाही.

बॅग भरून दारात ठेवली आहे. आज नाशिकच्या शेजारणीला फोन केला, तिच्याकडं आमच्या घराची किल्ली असते. म्हटलं, कुणाकडून तरी जाळी-जळमटं काढून घे, आणि पाली असतील तर तेवढ्या हाकल. ती म्हणाली, तुम्ही कधीपासून पालींना घाबरायला लागलात? कोण येणार आहे?

"दोघी," मी म्हटलं. "आल्या तर."